अधिकार आणि जागेपणा: शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर दारात विचारलेले प्रश्न

आमच्याकडे शुक्रवारची उपवास प्रार्थना आटोपली की चहा होतो. खरे प्रश्न मात्र चहासोबत येत नाहीत. ते नंतर येतात, ओसरीवरून उतरताना, अंधारात चपला चाचपडताना. "सिस्टरबाई, एक विचारू का जी?" मी पाळक नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते, आता निवृत्त आहे, मंडळीत बायकांचा वचनाचा वर्ग घेते. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, विश्वासणाऱ्यांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. पाळकसाहेबांनी वाचले आहेत. एका ठिकाणी त्यांचं माझं जमलं नाही, ते तिथेच सांगितलं आहे.

"अधिकार, अधिकार" म्हणतात. आपल्याला नेमकं मिळालंय काय?

किल्ली मिळाली आहे. मालकी नाही.

पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभरासाठीचा गडी, ठरतो, हे आपल्याकडे लेकराला माहीत. मालक चार दिवस नागपूरला लेकीकडे गेला की कोठ्याची किल्ली सालदाराच्या करदोट्याला. बैल कधी सोडायचे, मोटार कधी लावायची, हे तो ठरवतो. धुऱ्यावर कुणी ढोरं घातली तर हाकलतो आणि ते मालकाच्या नावानं हाकलतो. त्याला कुणी "तू कोण रे?" विचारत नाही. पण त्याच किल्लीनं त्यानं चार पोती तूर बाजारात नेली तर? किल्ली तीच, माणूस तोच, पण आता ती चोरी.

मार्क 13:34 काढा. घरधनी दूरदेशी निघतो, दासांना अधिकार देतो, ज्याला त्याला काम नेमून देतो आणि दारवानाला जागं राहायला सांगतो. एकाच वचनात अधिकार, काम आणि जागरण. मला जे सांगायचं ते एवढंच आहे: ही तिन्ही एकत्र बांधून दिली आहेत. अधिकार घ्यायचा नि काम सोडायचं, किंवा जागरण करायचं नि दुसऱ्याच्या किल्ल्या हिसकायच्या, असं चालत नाही.

नव्या करारात ग्रीक शब्द दोन आहेत. दुनामिस म्हणजे ताकद, एक्सूसिया म्हणजे अधिकार. लूक 9:1 मध्ये दोन्ही जवळजवळ आले आहेत, मराठी बायबलात सामर्थ्य आणि अधिकार. फरक बघायचा तर कोतवाल बघा. दवंडी देणारा कोतवाल अंगानं काडी असला तरी गाव ऐकतं, कारण शब्द तहसीलचा. कफर्णहूमचा शताधिपती हेच बोलला (मत्तय 8:9), आणि त्याच्या बोलण्याचा क्रम बघण्यासारखा आहे. "मीही दुसऱ्याच्या अधिकाराखाली आहे" हे आधी, "माझ्या हाताखाली शिपाई आहेत" हे नंतर. आपल्याकडे पहिलं वाक्य गाळून दुसरंच माईकवर येतं.

हा अधिकार पास्टरलाच की आमच्यासारख्यांनाही?

तुम्हालाही. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूनं ज्यांना जोडीजोडीनं पाठवलं ते बारा प्रेषित नव्हते, दुसरेच सत्तर होते (काही जुन्या हस्तलिखितांत बहात्तर). एकाचंही नाव लिहिलेलं नाही. ते आनंदानं परत आले, की भुतंसुद्धा आमचं ऐकतात! आणि प्रभूनं काय म्हटलं? त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. सापविंचू तुडवण्याचं एकोणिसावं वचन मोठ्यानं म्हणणाऱ्यांनी हे विसावंही म्हणावं, एवढीच विनंती.

सापविंचू तुडवायचा अधिकार दिला आहे ना? मग साप चावला तर आधी प्रार्थना की आधी दवाखाना?

दवाखाना. प्रार्थना गाडीत करा, वाट लांबच असते.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, मी नेत नाही. 'तुडवण्याचा अधिकार' हे वचन घेऊन लोक माझ्यासमोर बसले आहेत, पाय सुजून मांडीपर्यंत आलेला. प्रेषितांची कृत्ये 28 बघा. माल्टा बेटावर प्रेषित पौलानं साप मुद्दाम धरला नाही. पाऊस होता, थंडी होती, तो काटक्या गोळा करून शेकोटीवर टाकत होता आणि त्या मोळीतून साप निघून हाताला डसला. आपल्या बायका पऱ्हाटीच्या ढिगात हात घालतात तेव्हा अगदी हेच होतं. पौल वाचला, देवाची स्तुती असो. पण "मला सापाचा अधिकार आहे, बघा" असं म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी बिळात हात घातला नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं प्रभूला सांगणारा सैतान होता, मत्तय 4 बघा. वचन त्यालाही पाठ होतं.

आता नर्सबाईचं ऐका. आपल्याकडचे जिवावर बेतणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सापाचं इंजेक्शन या चौघांच्या विषावर चालतं. ते साध्या सुईसारखं एकदा टोचून होत नाही, सलाईनमधून द्यावं लागतं आणि सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते. चावलेला पाय हलवू नका, काडी लावून बांधा जसा मोडलेला हात बांधतो तसा. आवळून दोरी नको, ब्लेडनं चीर नको, तोंडानं चोखणं नको. 108 ला फोन करा. गाडीला उशीर दिसला तर मिळेल त्या वाहनानं न्या. मण्यार रात्री खाली निजलेल्याला चावते, दुखतही नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात बाहेरचं काही लागलं. बाहेरचं नाही, मण्यार आहे. खाटेवर निजा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

घोणशीचा संशय असला की डॉक्टर एक तपासणी करतात. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची, मग अलगद तिरपी करायची. गोठलं तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलं. ती नळी आम्ही खिडकीत ठेवायचो. बाहेर बायको, आई, अर्धं गाव. वीस मिनिटं काहीच करता येत नाही. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत खऱ्या प्रार्थना त्या खिडकीजवळ झाल्या आहेत, डोळे उघडे ठेवून, एक नजर घड्याळावर.

आणि हेही माहीत असू द्या: महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. आपण ख्रिस्ताचं नाव घेतो म्हणून आपण त्यातून सुटत नाही, आणि सुटूही नये.

"माह्या पोरीच्या अंगात येते जी. येशूच्या नावानं काढून द्या ना."

प्रार्थना करू. आधी तीन गोष्टी विचारू द्या: जेवण कसं आहे, झोप कशी आहे, बाळंतपण कधी झालं.

फेफरं, बाळंतपणानंतरचं डोकं फिरणं, घरातला मार, परीक्षेची धास्ती. अंगात येण्याच्या नावाखाली मी हे सगळं पाहिलं आहे. आध्यात्मिक बाधा असतेच नाही, असं मी म्हणत नाही. शुभवर्तमानं वाचणारीला तसं म्हणता येत नाही. पण त्याच शुभवर्तमानात प्रभूनं एकाही पछाडलेल्याला मारलेलं नाही. बांधलेलं नाही. मिरचीची धुरी दिलेली नाही. शब्द बोलला आणि मग घरी जायला सांगितलं. गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस शेवटी कपडे घालून शुद्धीवर बसलेला दिसतो (मार्क 5). साखळ्या आधीच लोकांनी घातल्या होत्या, प्रभूनं नाही.

केस धरून ओढणं, पोटावर गुडघा देणं, 'निघ, निघ' म्हणत कानशिलात मारणं हे अधिकार नसल्याची खूण आहे. ज्याच्याकडे तहसीलचा शब्द आहे त्याला काठी लागत नाही. इफिसात स्किवाच्या सात मुलांनी पौलाचं पाहून येशूचं नाव वापरून बघितलं, तर उलट त्यांनाच उघडेनागडे पळावं लागलं (प्रे. कृत्ये 19). नाव म्हणजे मंत्र नव्हे, ज्याचं नाव त्याची ओळख लागते.

"करणी कुणी केली ते प्रार्थनेत दिसलं," असं म्हणून शेजारणीकडे बोट दाखवणारा कुणी आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा, मग तो कितीही मोठा सेवक असो. कायद्यानं गुन्हा आहेच: सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. त्याहून मोठं म्हणजे ती शेजारीण, बहुतेक वेळा एकटी विधवा, तिला उद्या त्याच हापशीवर पाण्याला यायचं असतं.

विश्वासानं गोळ्या बंद केल्या तर?

करू नका. बीपीच्या नाही, शुगरच्या नाही, टीबीच्या तर मुळीच नाही. अर्ध्यात सोडलेला टीबी पुढच्या वेळी साध्या गोळ्यांना दाद देत नाही. लूक वैद्य होता (कलस्सै 4:14), पौल त्याला सोबत घेऊन फिरत होता. बाहेरगावच्या एका वक्त्यानं आमच्याकडच्या सभेत डबी फेकायला लावली होती. तो दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीनं गेला. डबी मी उकिरड्यावरून उचलून आणली.

सतत सिद्ध राहायचं म्हणजे दिवसभर गुडघ्यांवर का? वेचणीच्या दिवसांत वेळ कुठून काढायचा?

जागलीला गेलेल्या माणसाला विचारा.

हरभरा घाटीवर आला की रानडुकरं आणि रोही रात्रीतून वावर साफ करतात. आमचे हे कितीतरी वर्षं जागलीला गेले. वर मचाण, खाली शेकोटी, हाताशी पत्र्याचा डबा नि दांडकं, गळ्यात टॉर्च. रात्रभर टक्क जागे असायचे का? छे. घोरायचे. पण कान जागा असायचा. कुत्र्याच्या भुंकण्यात फरक पडला की झोपेतच हात डब्याकडे जायचा. घरी आमच्या बाजूला पत्र्यावर मांजर धावलं तरी ते हलायचे नाहीत. त्यांना माहीत होतं कोणता आवाज आपला आहे.

दहा कुमारींच्या दाखल्यात (मत्तय 25) एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. झोपल्या दहाही जणी, शहाण्या पाचसुद्धा. फरक झोपेचा नव्हता, तेलाचा होता. मध्यरात्री हाक आल्यावर कुणी दुसऱ्याच्या कुपीतून तेल घेऊ शकलं नाही. आईच्या प्रार्थनेवर, पास्टरच्या उपवासावर आपलं भागत नाही, एवढा त्याचा अर्थ मी लावते.

आणि मत्तय 24:40-41 मध्ये प्रभू येतो तेव्हा लोक कुठे असतात? दोघं शेतात, दोघी जात्यावर. ज्यांना घेतलं तेही कामावरच होते. म्हणून वेचणी सोडून घरी बसू नका. ओटीत कापूस भरताना एखादं स्तोत्र म्हणा, मजुरीचे पैसे खरे मोजा, वजनाला पाणी मारू नका. तुमचं तेल तिथेच भरलं जातं.

प्रभू कधी येणार? मोबाईलवर तारीख आली आहे.

पुसून टाका. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणाला माहीत नाही (मत्तय 24:36). अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती. काहींनी त्या वर्षी पिकं शेतात उभीच सोडली. तेवीस तारीख उजाडली. थेस्सलनीकाच्या मंडळीतही प्रभूचा दिवस आलाच म्हणून घाबरलेले लोक होते आणि काम न करता फिरणारेही होते. त्यांना पौलानं लिहिलं ते आपल्या मायच्या तोंडचंच वाटतं: ज्याला काम नको त्यानं खाऊही नये.

पेरणी करा. तो आला तर पेरताना सापडाल.

शस्त्रसामग्रीची प्रार्थना रोज म्हणावी का? शिरस्त्राण, उरस्त्राण वगैरे.

म्हणा. पण म्हणणं आणि घालणं यात फरक आहे.

2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. त्यानंतर किटची चर्चा झाली: तोंडाला मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगावर डगला. कितीतरी घरांत ते किट खुंटीला आहे, पिशवीसुद्धा फोडलेली नाही. का घालत नाही म्हटलं तर "लय गरम होते जी." खरं आहे, होतं. पण खुंटीवरचं किट कुणाला वाचवत नाही. इफिस 6 मधली ती शस्त्रसामग्री आपण अशीच पाठ करून खुंटीला लावतो. सत्याचा कमरपट्टा म्हणायचा आणि पीक विम्याच्या अर्जात खोटं भरायचं. नीतिमत्त्वाचं उरस्त्राण म्हणायचं आणि भावाच्या हिश्श्याचा धुरा दरवर्षी नांगराच्या एका ओळीएवढा कोरायचा.

पौल ते पत्र लिहिताना बेड्यांत होता (6:20). सामग्रीतली बहुतेक वस्तू अंग झाकायच्या आहेत, आणि पुन्हा पुन्हा येणारा शब्द 'उभे राहा' हा आहे. 'सिद्धता' हा शब्द त्यात कुठे येतो बघा. तलवारीजवळ नाही. पायांत, जोड्यांजवळ. शांतीच्या सुवार्तेची सिद्धता. शेजाऱ्याकडून रात्री बोलावणं आलं तर उठून जायला पायात लवकर घालता येईल असं काहीतरी.

मारुतीच्या देवळासमोर उभं राहून 'गावावरच्या शक्ती बांधतो' अशी प्रार्थना करावी का?

इथे पाळकसाहेबांचं आणि माझं जमलं नाही. ते म्हणतात, मनातल्या मनात करावी. मी म्हणते, तिथे उभंच राहू नये.

इफिसात अर्तमी देवीच्या नावानं दंगा झाला, तेव्हा शहराच्या चिटणिसानं जमावाला सांगितलं की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत, आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत (प्रे. कृत्ये 19:37). पौल त्या शहरात दोनेक वर्षं राहिला होता. एवढ्या काळानंतर एक परका अधिकारी छातीवर हात ठेवून अशी साक्ष देतो. आपल्याबद्दल आपला पोलीस पाटील देईल का? यहूदाच्या पत्रात तर मीखाएल आद्यदेवदूतसुद्धा सैतानाला शिव्या देत नाही, "प्रभू तुला धमकावो" एवढंच म्हणतो.

पोळ्याचंही विचारतात. माझं मत: बैलाला धुवा, खांदे शेका, गोडधोड खाऊ घाला, त्या दिवशी जू ठेवू नका. पूजेच्या रांगेत तुम्ही नसाल, हे गावाला नीट शब्दांत आधी सांगा. 1 पेत्र 3:15 मध्ये उत्तर द्यायला नेहमी तयार राहा म्हटलं आहे, आणि लगेच म्हटलं आहे, सौम्यतेनं.

पास्टरला वर्गणीचा हिशेब विचारला तर 'अभिषिक्ताला हात लावू नका' म्हणतात.

हिशेब विचारणं म्हणजे हात लावणं नव्हे. यरुशलेमसाठी गोळा केलेले पैसे पौलानं एकट्यानं नेले नाहीत, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली आणि कारणही लिहून ठेवलं (2 करिंथ 8). वही दोघांच्या सहीनं ठेवा.

नवरा विश्वासात नाही, मारतो. अधीन राहा असं वचन आहे ना?

मार खा असं वचन नाही. 112 लावा, नाहीतर माझ्याकडे या. रात्रीही.

एवढी प्रार्थना केली, तरी माणूस गेला. आमचा अधिकार कमी पडला का?

हा प्रश्न ओसरीवर उभ्यानं विचारला जात नाही. त्यासाठी लोक दुपारी एकटे येतात, आणि मी आधी चहा ठेवते.

नाही, कमी पडला नाही. किल्ली सालदाराकडे असली तरी पाऊस सालदाराच्या हातात नसतो. पौलानं त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं (2 तीमथ्य 4:20), ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोगी बरे व्हायचे त्या पौलानं. अंगातला काटा, म्हणजे स्वतःचा न सुटणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. आपल्या विदर्भात सुवार्ता आणणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप होते. 1845 साली नागपूरला आले, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. 1863 च्या पावसाळ्यात टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांचा विश्वास कमी होता, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? (आणि नाल्याला पूर असताना 'प्रभू आहे' म्हणत उतरू नका, हेही याच ठिकाणी सांगते.)

गेथशेमानेत प्रभूनं मित्रांना एवढंच मागितलं होतं: माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. दुःखानं झोपले, असं लूक लिहितो. ज्या घरात माणूस गेला त्या घरात 'विश्वास कमी पडला' असं बोलायला जाणाऱ्यांनी त्याऐवजी जाऊन बसावं, भांडी घासावीत, ढोरांना पाणी दाखवावं. आणि ज्या घरात कर्ज आहे, ज्याचा कर्ता महिनाभर बोलत नाही, वावरात जाऊन नुसता धुऱ्यावर बसतो, त्या घरातली फवारणीची औषधं कुठे ठेवली आहेत ते कुणीतरी बघावं, कुलूप लावावं, आणि त्याच्याजवळ बसून सरळ विचारावं. तोही जागलीचाच भाग आहे.

रात्री एकटीला भीती वाटते. काय म्हणू?

स्तोत्र 121. लहान आहे, लगेच पाठ होतं. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. एकजण जागा आहे म्हटल्यावर तुम्ही झोपा.

प्रार्थना किती वाजता असते?

पावसाळ्यात सातला, वेचणी सुरू झाली की आठला, कारण बायका वजन करून घरी येईपर्यंत सात वाजतात. लाईन गेली तरी होते. येताना टॉर्च आणा आणि पायात काहीतरी बंद घाला. शाळेमागच्या वाटेवर पऱ्हाटीचे ढीग अजून उचललेले नाहीत.